बऱ्या झालेल्यांचे डॉक्टर

आजारी माणसाने डॉक्टरकडे जावे, असा सर्वत्र रिवाज आहे. आमच्या चिंचवडात मात्र एकट्याने राहणारे डॉक्टर घारपुरे बऱ्या झालेल्या माणसांच्या मागे जात. दर रविवारी सकाळी डोक्यावर सोला टोपी आणि सायकलला लटकवलेल्या पिशवीत जाडजूड वही, असा सरंजाम घेऊन ते निघत आणि थेरगाव, ताथवडे, भोसरी या गावांतून धडधाकट माणसे हुडकीत फिरत. त्यांची सायकल वेशीत दिसताच, ज्यांना कधीकाळी हगवण, विषमज्वर किंवा विंचूदंश झालेला होता ते सारे शेताकडे पळत. घरात सापडे तो फक्त तापाने फणफणलेला इसम, कारण त्याला पळवत नसे. त्याच्याकडे डॉक्टर ढुंकूनही पाहत नसत. "तू उद्या दवाखान्यात ये. आज जुन्या लोकांचा वार आहे."

त्यांचा सिद्धान्त असा होता की रोगी बरा झाला म्हणजे केस संपत नाही. "बरं वाटणं हा पुरावा नव्हे," हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा उच्चारीत. मी दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून हयात घालवलेला माणूस. पुराव्याविषयी मला आदर आहे. परंतु पुरावा गोळा करण्यास काही हद्द असते आणि ती सद्‌गृहस्थांच्या सदऱ्याच्या बाहेर असते, असे माझे नम्र मत आहे.

हे मत अनुभवाने बनले. माझ्या पाठीवर काळपुळी झाली होती. डॉक्टरांनी ती कापली, पेनिसिलिनची इंजेक्शने दिली, मी बरा झालो. येथवर माझी तक्रार नाही. पुढे आठ महिन्यांनी चिंचवड स्टेशनच्या फलाटावर, पुण्याची गाडी येत असताना, या गृहस्थाने मागून येऊन माझा कोट व सदरा एकदम वर उचलला आणि मोठ्याने म्हटले, "वा! व्रण उत्तम!" फलाटावरील मंडळी माझी पाठ पाहण्यासाठी रांगेने पुढे सरकली.

मी त्याच दिवशी पाच पानी रजिस्टर पत्र धाडले. फौजदारी बळाचा वापर, सार्वजनिक ठिकाणी अप्रतिष्ठा, मागितलेला लेखी खुलासा, सर्व मुद्दे क्रमवार मांडले. उलट टपाली पोस्टकार्ड आले. "पत्र मिळाले. पाचव्या पानापर्यंत अक्षर स्थिर आहे, हाताला कंप नाही. नोंद केली." माझ्या तक्रारीचा त्यांनी तपासणीचा कागद केला होता! यानंतर मी सात पत्रे लिहिली. सातही वहीत चिकटवलेली मी स्वतः पाहिली.

या केसेस ते मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकाला पाठवीत आणि मासिक त्या परत पाठवी. भोसरीच्या एका पैलवानाच्या कानात मळणीच्या वेळी ज्वारीचा दाणा गेला आणि आतच त्याला मोड आला. डॉक्टरांनी त्यावर बारा पाने लिहिली आणि सोबत मोड आलेला दाणा बाटलीत घालून पाठवला. लेख परत आला, दाणा आला नाही. डॉक्टरांना लेखाचे दुःख नव्हते. "शिरस्तेदार, दाणा ठेवून घ्यायचा त्यांना काय अधिकार?" हा त्यांच्या आयुष्यातील एकमेव कायदेशीर प्रश्न. तो इतका बिनतोड होता, की मी संपादकांना माझ्या खर्चाने पत्र लिहिले.

आता ज्या प्रकरणासाठी हे सर्व सांगितले, त्याकडे येतो.

थेरगावच्या तात्याबांची यमुना पंधरा वर्षांची असताना न्यूमोनियाने पडली. पाठोपाठ छातीत पू झाला. डॉक्टरांनी बरगड्यांमधून सुई घालून तो काढला, आठ दिवस तिच्या अंथरुणाशी बसून इंजेक्शने दिली आणि पोर वाचवली. त्याला चार वर्षे झाली. यमुना एकोणीस वर्षांची झाली आणि चाकणच्या पलीकडच्या गावाहून एक चांगले स्थळ तिला पाहायला आले. पाहायला आले ते रविवारी! गावात एवढे जाणते लोक असून वाराचा विचार एकालाही सुचला नाही.

यमुना पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येते आहे, पाहुणे घोंगडीवर टेकले आहेत, तोच डॉक्टर दाखल. त्यांनी बशा खाली ठेवायला लावल्या. "खोल श्वास घे." नळी पाठीला लावली, डोळे मिटले आणि पाहुण्यांकडे वळून प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "अप्रतिम! इथून मी अर्धा शेर पू काढला होता. क्षयाचा संशय मी पहिल्याच आठवड्यात निकालात काढला."

पाहुण्यांच्या कानी त्यातला क्षय तेवढा राहिला. "कळवतो," म्हणून ते उठले. पोहे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी तात्याबा माझ्याकडे आले.

"रावसाहेब, त्या डाक्तरला कोर्टात खेचा. प्वार वाचिवली म्हनून काय जल्मभर तिच्या पाठीला नळी लावनार व्हय?"

"पाहुण्यांचा निरोप आला?"

"न्हाई. आन् हे मोडलं तर दुसरं कोन येतंय? क्षयाचं नाव निघालंय रावसाहेब. आमच्या उंबऱ्याला कुत्रं बी यायचं न्हाई आता."

मी अब्रुनुकसानीची नोटीस मोठ्या आवडीने लिहिली आणि मंगळवारी स्वतः नेऊन दिली. डॉक्टरांनी ती उभ्याने वाचली. नेहमीप्रमाणे अक्षराची तारीफ होईल म्हणून मी सावध होतो.

"लग्न अडलंय?" ते म्हणाले. "पण मी तर ती बरी आहे असं सांगितलं."

"बरी आहे हे सांगितल्यामुळेच अडले आहे."

ते मटकन स्टुलावर बसले. दुसऱ्या दिवशी, भर बुधवारी, दवाखान्याला कुलूप लावून ते सायकलने चाकणकडे निघाले. प्रतिपक्षाने पुन्हा काही बोलून ठेवू नये, या कायदेशीर काळजीपोटी मी एस.टी.ने मागोमाग गेलो. पोहोचलो तेव्हा डॉक्टर घामाने निथळत पाहुण्यांच्या ओसरीवर बसले होते आणि वही वाचून दाखवीत होते.

"पहिला महिना. छाती स्वच्छ, वजन वाढले. सहावा महिना. छाती स्वच्छ, विहिरीवरून दोन घागरी आणते, दम नाही. दुसरे वर्ष. छाती स्वच्छ. मोटेवर गाणे म्हटले, सलग. तिसरे वर्ष. छाती स्वच्छ. म्हैस व्याली, खरवस दिला. आई रागावली तरी दुसऱ्यांदा दिला."

"आन् खरवसाचं काय?" मुलाच्या वडिलांनी विचारले.

डॉक्टर गडबडले. "खरवस चांगला होता."

म्हातारा खदखदून हसला. "आवं डाक्तर, चार वर्सं कोन यवढं लिवतंय? माज्या सख्ख्या भैनीची मी यवढी खबर घेतली न्हाई. यवढी तपासल्याली प्वार उभ्या तालुक्यात मिळायची न्हाई. जा, सांगा तात्याबाला, सोयरीक पक्की म्हनून."

माझी उत्कृष्ट नोटीस अशा रीतीने फुकट गेली.

लग्नाच्या आठवडाभर आधी, एका संध्याकाळी डॉक्टर माझ्याकडे आले. हातात वही नव्हती. मुलाकडच्यांच्या नावे त्यांना एक अर्ज लिहून हवा होता. वर्षातून एकदा, त्यांच्या सोयीने, यमुनेला पाहायला येण्याची परवानगी.

"तुमची ती केस अजून अपुरीच?" मी शक्य तितक्या कडवटपणे विचारले.

"ती सहा महिन्यांतच पूर्ण झाली होती."

"मग साडेतीन वर्षे थेरगावला कशासाठी जात होता?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला.

"रविवार असतो ना," ते म्हणाले.

मी दौत पुढे ओढली. अर्जदाराचे नाव लिहिले, वय लिहिले, धंदा लिहिला. मग नेमाप्रमाणे विचारले, "मुलीशी नाते?"

डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले. लांबून मालगाडी गेली, तिचे सगळे डबे त्यांनी नजरेने मोजले.

"तुम्हीच काहीतरी घाला, शिरस्तेदार. नियमात बसेल असं."

नियमात बसेल असे काहीच नव्हते. मी 'माहेरचा माणूस' असे लिहिले आणि दोघेही शाई वाळण्याची वाट पाहत बसलो.