पहिल्या नंबरावरचा विग

दुसऱ्यांच्या वेबसाइटमधल्या चुका काढणं हा जावईबापूंचा धंदाच होता, आणि त्यात आपला हात धरणारा कोणी नाही याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. कुठलं बटण सापडत नाही, कुठली अक्षरं वाचता येत नाहीत, अंध माणूस नेमका कुठे अडतो, शोधणाऱ्याला साइट दिसतच का नाही, हे सगळं ते चहा निवायच्या आत सांगून मोकळे होत. त्यामुळे सासऱ्यांच्या फोटो स्टुडिओची साइट पहिल्यांदा बघितली तेव्हा, दंतवैद्याला सगळेच दात किडलेला रोगी भेटावा, तसा त्यांना आनंद झाला.

सासरे फोटो झकास काढत, पण साइट त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवली होती. चॉकलेटी रंगावर काळी अक्षरं! फोन नंबर इतका तळाशी की तिथवर पोचेपर्यंत लग्नाचा फोटो काढायला निघालेल्यांना बारशाचा काढावा लागेल. जावईबापूंनी छाती ठोकून सांगितलं, आठवडाभरात ही साइट शोधात सगळ्यात वर दिसेल.

खरी परीक्षा घेणार होत्या त्या आत्याबाई. त्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. त्यांना लहानपणापासून दिसत नसे. पडद्यावर काय आहे ते त्यांचा फोन त्यांना वाचून दाखवी. भावाच्या साइटवर तो नुसतं ‘चित्र, चित्र, चित्र’ म्हणत राहायचा. अडगळीच्या खोलीत चाचपडल्यासारखं वाटतं, अशी त्यांची तक्रार होती.

जावईबापूंनी प्रत्येक फोटोखाली त्या फोनसाठी वर्णन लिहायला घेतलं. नियम एकच. डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. सासरे कामासाठी परगावी गेले होते. बाबांना एकदा दाखवा तरी, असं बायको म्हणाली; त्यावर, तज्ज्ञानं विचारत बसायचं नसतं, असं सांगून त्यांनी सगळं साइटवर चढवून टाकलं.

ती दुपार आत्याबाईंनी हसून हसून घालवली. फोन एका सुरात वाचत होता. नवरी हसते आहे, नवरा घड्याळ बघतो आहे. जुळी बाळं, एक रडतं आहे, दुसरं रडायच्या बेतात आहे. सुटाबुटातले गृहस्थ, डोक्यावरचा विग किंचित डावीकडे सरकलेला.

हे गृहस्थ म्हणजे त्याच रस्त्यावरच्या बँकेचे मॅनेजर. त्यांना विग आहे हे सासऱ्यांना ठाऊक होतं, पण धंद्यातलं गुपित म्हणून त्यांनी ते वर्षानुवर्षं पोटात ठेवलं होतं. बाकी कोणाला पत्ता नव्हता.

साइट खरोखरच वर आली. गावात कोणीही ‘विग’ असं शोधलं की सगळ्यात आधी मॅनेजरांचा हसरा चेहरा उगवायचा. स्टुडिओत फोन येऊ लागले, कुरळ्यात मिळेल का? बँकेतल्या एका खातेदारानं तर खिडकीतून वाकून, हा कुठून घेतलात, असं आपुलकीनं विचारलं.

सासरे परतले त्याच सकाळी मॅनेजर स्टुडिओत आले आणि त्यांनी आपल्या मागे दार लावून घेतलं. बोलले मात्र अगदी हळू. सासऱ्यांचा चेहरा पडला. बँकेतल्या सगळ्या समारंभांचे फोटो तेच काढत.

“जावईबापू, हे आत्ताच्या आत्ता खाली घ्या.”

जावईबापूंनी ते वाक्य तिथल्या तिथे पुसलं. पण साइटवरून पुसलं तरी शोधात जुनंच दिसत राहिलं. त्यांनी शोधवाल्या कंपनीला ते काढून टाकायची विनंती पाठवली आणि ती कधी मान्य होईल हे सांगता येत नाही, असंही सांगितलं. साइट वर आणायची विद्या त्यांना तोंडपाठ होती. खाली आणून द्या, असं म्हणणारं गिऱ्हाईक आजवर भेटलंच नव्हतं.

तेवढ्यात स्टुडिओमागच्या घरातून आत्याबाई फोन हातात घेऊन आल्या. साइट ऐकता ऐकता घरच्यांच्या फोटोपाशी येऊन थांबल्या होत्या त्या. फोननं पुन्हा वाचलं: उजव्या टोकाला आत्याबाई, कुंडीतल्या झाडामागे अर्ध्या झाकलेल्या.

“मी मधोमध उभी आहे, असं सांगितलं होतंस तू मला,” त्या भावाला म्हणाल्या.

सासरे चाचरले. “ताई, सगळे मावत नव्हते. तुला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं. पण माझं मी बघून घेतलं असतं.”

मग आत्याबाईंनी मॅनेजरांकडे तोंड वळवलं. “विग तुमचाच ना? इतका भारदस्त आवाज असताना केसांची काय गरज पडली?”

मॅनेजरांनी विग काढून काउंटरवर ठेवला, रुमालानं टाळू पुसली आणि, उन्हाळ्यात फार उकडतं हो यात, असं म्हणून नवा फोटो काढायला सांगितलं.

त्या दिवशी दोन फोटो निघाले. एक मॅनेजरांचा, आणि एक घरच्यांचा, आत्याबाईंना मधोमध बसवून. कुंडी बाहेर नेऊन ठेवली होती.

वर्णनं लिहायचं काम मात्र सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलं. सगळ्यांना गोड दाखवायची त्यांची जन्माची सवय. त्यांनी लिहिलं, प्रसन्न गृहस्थ. प्रसन्न कुटुंब. प्रसन्न नवरानवरी. प्रसन्न बाळं. अख्ख्या साइटवर दुर्मुखलेलं माणूस औषधालाही उरलं नाही.

जावईबापूंनी आपलं तपासणीचं यंत्र लावलं. फोटोखाली काहीतरी लिहिलं आहे की नाही, एवढंच ते बघतं. निकाल आला, शंभरपैकी शंभर! तो आकडा त्यांनी घरभर फिरून सगळ्यांना दाखवला.

आत्याबाईंनी साइट शेवटपर्यंत ऐकली आणि फोन बाजूला ठेवला.

“पैकीच्या पैकी मिळाले, छान झालं. आता इथे बसा, आणि त्या फोटोंत खरं काय आहे ते सांगा बघू.”

जावईबापूंनी खुर्ची ओढली. बसण्याआधी मात्र त्यांनी जाऊन दार नीट लावून घेतलं.