तिकाटण्यावरचा तांब्या

नथू गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी दिराने धोंडाबाईची चूल वेगळी केली, आणि वेगळी करताना चुलीखालची जागा तेवढी स्वतःकडे ठेवून घेतली. मळवलीत तिचं म्हणावं असं आता काही उरलं नव्हतं. पदरात वयात येत चाललेली चिमी, थोडी जर्मनची भांडी आणि नथूच्या माघारी 'कै. नथू, मळवली' असं नाव घातलेला पितळी तांब्या. लोणावळ्यात एका बंगल्यावर धुण्याभांड्याचं काम मिळालं होतं, पण शेठाणीने आधीच बजावलं होतं की पोर बरोबर आणायची नाही. म्हणजे दिवसभर चिमी खोलीवर एकटी राहणार. तेव्हा खोली अशा आळीत हवी होती, की जिथं एकट्या पोरीच्या दाराकडे कुणी वाकड्या नजरेने बघणार नाही. आणि भाडं पगारात बसायला हवं होतं, ते वेगळंच.

"आये, आळी चांगली का वंगाळ, त्ये कसं वळखायचं?" चिमीने विचारलं.

"इचारून न्हाई कळत. इचारलं की समदी म्हनत्यात, आमच्यावानी मानसं दुसरीकडं न्हाईत."

म्हणून धोंडाबाईने स्वतःची एक परीक्षा काढली. जिथं वाटेवर पडलेली वस्तू जागची हलत नाही, तिथली माणसं दुसऱ्याच्या पोरीलाही हात लावायची नाहीत, असा तिचा सरळ हिशोब होता. पहिल्या आळीत तिने एका ओट्यावर जर्मनची ताटली ठेवली आणि गिरणीपर्यंत जाऊन आली, तोवर ताटली गेली होती. दुसऱ्या आळीत पळी ठेवली. ती शोधायला गेली, तर एका बाईने तिलाच दारात अडवलं. "माझी पळी चोराया आलीस व्हय?" असं ती बाई म्हणाली, तेव्हा पळी तिच्या हातातच होती.

आता मोहात पाडण्याजोगा एक तांब्याच उरला. मायलेकींनी दुपारचा भात त्यातच बांधून आणला होता, वर लाल खणाचं फडकं होतं. तिसऱ्या आळीत तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर तिने जीव घट्ट करून तो तसाच, उरलेल्या भातासकट ठेवला. रिकामा तांब्या कोण विसरतं? भाताचा म्हणजे खरंच विसरल्यासारखा दिसेल, इतका बारीक विचार तिने केला होता. त्या दिवशी अवस होती, तेवढं मात्र बिचारीच्या ध्यानात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती चिमीला घेऊन आली, तर तांब्या जागच्या जागी. फडक्याची गाठसुद्धा सुटली नव्हती. पाण्याला निघालेल्या बाया लांबून वळसा घालून जात होत्या.

"बघ चिमे," धोंडाबाईचा ऊर भरून आला, "दुसऱ्याच्या वस्तूवरनं सावलीसुदिक जाऊ देत न्हाईत. हितंच ऱ्हायाचं आपन."

समोरच्याच चाळीतलं एक बिऱ्हाड घाईघाईने हातगाडीवर सामान चढवत होतं. चाळीची मालकीण आक्काबाई दारात सुतकी चेहऱ्याने उभी होती. भाड्याचं विचारल्यावर ती म्हणाली, "निम्मं द्या. पन आजच्या आज या." इतकी देवमाणसं या काळात भेटतात, याचं धोंडाबाईला नवल वाटलं. तिने खोलीत गाठोडं टाकलं आणि ती तांब्या आणायला निघाली. आक्काबाईने धावत येऊन तिचं मनगट धरलं.

"मरायचंय का बाई? करनी हाय ती. अवसंचा भात, लाल फडकं, आन् वर नाव घातलंय. आमच्या बाजीरावनं काठीनं फिरवून वाचलं. नथू म्हनून हाय कुनी मळवलीचा. मेलाय त्यो. मेलेल्या मानसाचा तांब्या तिकाटन्यावर कोन ठेवतं?"

बाजीराव म्हणजे कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीशी दिवसभर उभा असणारा गडी. धोंडाबाईने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"तुमी कुटल्या?" आक्काबाईने विचारलं.

"कार्ल्याच्या," धोंडाबाई म्हणाली.

"आन् मालक?"

"गेले."

"नाव काय त्येंचं?"

"मालकाचं नाव कसं घिऊ?" धोंडाबाईने पदर तोंडावर ओढला. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं, त्यामुळे आक्काबाईला ते पटलं.

झालं. तांब्या समोर आणि त्याला आपलं म्हणायची चोरी. एक मात्र खरं, की तशी सुरक्षित आळी साऱ्या लोणावळ्यात नसेल. दिवे लागायच्या आत माणसं घरात, पत्त्यांचे डाव बंद, दारू पिऊन ओरडणारेसुद्धा घरीच पिऊन हळू आवाजात भांडायचे. चिमीच्या वाटेला कुणी गेलं नाही. धोंडाबाई कामावरून येताना तांब्याकडे चोरून बघायची आणि मनातल्या मनात नथूची माफी मागायची.

पण आळीला भीती सोसेना. पट्टी गोळा झाली आणि निवृत्ती भगताला आणलं. तो भर चौकात घुमायला लागला आणि नथूच्या आवाजात म्हणाला, "मला कोंबडं पायजे. बाटली पायजे."

नथू माळकरी होता. अंड्याचं टरफल वाटेत दिसलं तरी पाय वाकडा टाकायचा. धोंडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चिमीकडे बघून तिने ओठ दाबले. मग भगत म्हणाला, "तांब्या तळ्यात बुडवा." बाजीराव काठी घेऊन पुढे झाला, आणि तिला राहवेना.

"त्यो माझा हाय," ती गर्दीतून पुढे येत म्हणाली. "माझ्या मालकाचा हाय. नथू. नथूचा हाय." आवाज फुटला तिचा. "आळी कशी हाय त्ये बघाया ठेवलावता. करनी न्हाई, आमचा दुपारचा भात व्हता त्यो."

मग आक्काबाईला जे हसू फुटलं, ते थांबेचना. सगळी आळी पोट धरून हसली. भगताने हसून घेतलं आणि कोंबडं काखेत मारून तो चालता झाला. बाजीरावाने स्वतः तांब्यातला सडका भात झटकला आणि तांब्या चिमीच्या हातात दिला. "आधी सांगायचं न्हाई व्हय, वैनी?" तो बोलला आईशी, पण बघत होता चिमीकडे.

धोंडाबाईने तांब्या घासून ओट्यावर पालथा घातला. किती दिवसांनी तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. सकाळी उठून बघते तर तांब्या नाही. तो शोधायला आक्काबाईकडे गेली, तर आक्काबाई म्हणाली, "तांब्याचं मला ठावं न्हाई. पन आता भाडं आधीच्या बिऱ्हाडावानी पुरं द्या."

त्याच संध्याकाळी चिमी भाकरी थापता थापता म्हणाली, "आये, बाजीरावभाऊ दुपारी पानी मागाया आलता. तुजी आई कवा येती, इचारीत व्हता."

धोंडाबाई तिच्याजवळ येऊन बसली. "मग?"

"मी कडी लावली. तर त्यो लय येळ उंबऱ्यावर बसून ऱ्हायला. कडी वाजवत व्हता."

धोंडाबाईला भीती वाटली, नथू गेला त्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती एवढी. सांगणार कुणाला? आळीत बाजीरावाला भाऊ म्हणत होते आणि तिला कार्ल्याची म्हणून खोटं बोललेली बाई. काम सोडलं तर खायचं काय? दुसरी आळी शोधावी, तर परीक्षेला ठेवण्याजोगं घरात आता एकही भांडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तिने लिंबू आणि हळदकुंकू आणलं. दिवेलागणीला, सगळे ओट्यावर बसलेले असताना, ती केस मोकळे सोडून दारात बसली. लिंबू कापलं, कुंकू भरलं आणि लाल खणाचं उरलेलं फडकं उंबऱ्यावर पसरलं. मग मळवलीच्या दिशेला तोंड करून मोठ्याने हाक मारली.

"नथू, ये. तुजा तांब्या कुनी न्हेला त्येच्या घरात जा. आन् आपल्या दारात कोन बसलं व्हतं, त्येच्याकडं बी जाऊन ये."

आळीतली दारं एकामागून एक लागली.

सकाळी तांब्या ओट्यावर होता, चिंचेने लख्ख घासलेला. बाजीराव ताप भरून मामाच्या गावाला गेल्याचं कळलं. आक्काबाई लांब उभी राहून म्हणाली, "भाडं काय, जमंल तवा द्या."

"आये," चिमी रडवेली झाली, "माज्याशी आता कुनीच खेळंना."

धोंडाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण ती म्हणाली, "नगं खेळू दे. जा, पानी आन."

चिमी तांब्या घेऊन नळावर गेली. रांग मुकाट बाजूला झाली आणि तिला पहिला नंबर मिळाला. तांब्या भरून निघताना तिला रांगेत ती पोर दिसली, जिच्याशी ती परवापर्यंत सागरगोटे खेळत होती. चिमी तिच्याकडे बघून हसली. त्या पोरीच्या आईने घाईघाईने पोरीच्या डोळ्यांवर पदर धरला.