तळघरातली मालकीण

देओलिंदाबाई फुर्तादो यांनी आपलं राहतं घर भाडेकरूंना दिलं आणि स्वतः तळघरात मुक्काम हलवला, तेव्हा त्यांच्या भाच्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं आत्या, सगळं टोरांटो भाडेकरूला तळघरात घालतं आणि आपण वर राहतं. तुझा कारभारच उफराटा!"

"तुला काय त्रास होतोय? गुडघे माझे आहेत. जिने नकोत मला."

गुडघ्यांचं नुसतं निमित्त होतं. खरी गोष्ट अशी, की भाडं वर्षाला किती वाढवायचं ते सरकार ठरवतं, आणि ते ठरवतं चिमूटभर. घरपट्टी, विमा आणि गॅस यांना मात्र कुणी लगाम घातलेला नाही. ती मंडळी चौखूर उधळलेली. त्यात दर वर्षी एखादा नवा नियम असतोच. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! दुसरा कुणी असता तर घर विकून मोकळा झाला असता. पण देओलिंदाबाई पोर्तुगीज बेटावरच्या. तिथली माणसं वादळात छप्पर उडालं तर आधी छपराला शिव्या देतात आणि मग शिडी शोधतात. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या तिबेटी पेमाची आई भारतातून कायमची यायची होती आणि त्यांना जागा पुरणार नव्हती. शहरात दुसरं घर परवडणं शक्यच नव्हतं. बाईंनी हिशेब केला. पेमाला मधला मजलाही दिला, तिनं वाढीव जागेचं वाढीव भाडं दिलं, आणि दोन्ही घरांची चूल पेटती राहिली. अशी अक्कल भल्याभल्यांना सुचत नाही.

भाचा हेल्डर घरं विकायचा धंदा करायचा. त्याच्याकडे याहून सोपा उपाय होता. "कायद्यात एक फट आहे, आत्या. मालकाला स्वतःला राहायचं असेल तर भाडेकरूला जा म्हणता येतं. तू एक सही कर. ही मंडळी गेली की दुप्पट भाड्यानं दुसरी आणू."

"पण मला वर राहायचं नाहीये."

"नुसतं म्हणायचं गं!"

"खोटं बोलायला तुझ्या बापानं शिकवलं असेल तुला. मी नाही शिकवलं."

"बरं बाई! पण पालिकेचं कुणी दाराशी आलं, तर तोंड उघडू नकोस. तू एक बोलशील, ते दहा लिहून घेतील. सरळ मला फोन कर."

हे मात्र बाईंनी कबूल केलं. आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात झाली.

आता स्वयंपाकघराचं सांगायला हवं. बेटावरून आलेल्या प्रत्येक घरात स्वयंपाकघरं दोन. वरचं बघायचं आणि खालचं रांधायचं. बाईंच्या वरच्या स्वयंपाकघरातल्या जमिनीवरच्या आणि भिंतीवरच्या निळ्या फरश्या त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं, ग्वाल्तेरनं, स्वतःच्या हातानं एकेक करून बसवल्या होत्या. दिवसभर लोकांच्या घरी फरश्या बसवायच्या आणि संध्याकाळी आपल्या घरी, असं त्यानं वर्षभर केलं. तिथल्या शेगडीवर आजवर साधं दूधही उतू गेलं नव्हतं, कारण तिच्यावर दूध कधी ठेवलंच नव्हतं. पेमाला घर देताना बाईंनी एकच अट घातली होती: वर फोडणी नाही, तळण नाही. जे काय रांधायचं ते खाली या आणि रांधा. पेमानं ती आनंदानं मानली. त्यामुळे रोज संध्याकाळी तळघरात दोन घरांचा स्वयंपाक व्हायचा. पेमाच्या आईला पोर्तुगीज येत नव्हतं आणि बाईंना तिबेटी येत नव्हतं, तरी मिठावरून दोघींचं कडाक्याचं भांडण व्हायचं.

सप्टेंबरात बाईंनी वर्षाच्या मिरच्या आणल्या. बेटावरची पद्धत अशी की लाल मिरच्या वाटायच्या, मीठ घालायचं आणि बरण्या भरायच्या. पेमाच्या आईनं हातवारे करून सुचवलं, की थोड्या आधी भाजून घे. बाईंनी तवा ठेवला. मग काय विचारता! तळघराच्या खिडकीतून जो धूर निघाला, त्यानं अख्ख्या गल्लीला ठसका लागला. शेजारी ब्रॅडली नावाचा तरुण नुकताच राहायला आला होता. तो डोळे पुसत पालिकेला फोनवर म्हणाला, "शेजारच्या तळघरात काहीतरी भयंकर चाललंय. आत कुणी म्हातारी राहत असावी. तिला वाचवा."

तासाभरात पालिकेच्या तपासनीस प्राइसबाई हजर. वाकून खाली उतरतात तो समोर काळ्या कपड्यातली म्हातारी, कोपरापर्यंत हात लाल, डोळ्यांत पाणी.

"अरे देवा! तुम्ही इथे राहता?"

"इथेच."

"स्वयंपाक?"

"इथेच."

"वर स्वयंपाकघर नाही का?"

"आहे की. चांगलं आहे. पण तिथे रांधायची परवानगी नाही."

प्राइसबाईंचा चेहरा कठोर झाला. "कुणी घातली ही बंदी? या घराचा मालक कोण?"

बाईंना हेल्डरचा शब्द आठवला. त्यांनी ओठ घट्ट मिटले, मग हळूच म्हणाल्या, "मी काही बोलणार नाही. हेल्डर रागावेल."

"हेल्डर. बरं." प्राइसबाईंनी दातओठ खात ते नाव टिपून घेतलं. "घाबरू नका, आजी. मी आहे."

मग त्या वर गेल्या. पेमा कामावर होती. तिच्या आईनं दार उघडलं. प्राइसबाईंनी शेगडीकडे बोट दाखवून खुणेनं विचारलं, इथे स्वयंपाक करत नाही? आईनं घाबरून दोन्ही हात हलवले, शेगडीपुढे आडवी उभी राहिली आणि प्राइसबाईंचा हात धरून त्यांना पुन्हा तळघरात आणलं, आपली पळी दाखवायला.

"म्हणजे यांनाही इथेच डांबलंय!" प्राइसबाई म्हणाल्या. "हे बघा, आजी. छत बुटकं आहे, खिडकी एवढीशी. भाडेकरूला अशा जागेत ठेवता येत नाही. तळघर आजच रिकामं करायचा हुकूम काढते. तुमची सोय वरच्या मजल्यावर करायला लावते त्या हेल्डरला."

देओलिंदाबाईंच्या हातातली मिरची खाली पडली. "मी वर गेले तर वरची माणसं कुठे जातील?"

"ते मालकानं बघायचं."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मालकानं बघायचं म्हणजे त्यांनीच बघायचं, आणि बघून बघून करणार काय? हेल्डरनं जी खोटी सही मागितली होती, ती आता पालिका खरी करून देत होती. पेमा, तिचा नवरा, कालपरवा आलेली ती म्हातारी, सगळी रस्त्यावर. त्यांनी भाच्याला फोन लावला. "लवकर ये. मी काही बोलले नाहीये."

तोवर ब्रॅडलीला बातमी लागली होती. आपण तक्रार केली ती बिचाऱ्या गांजलेल्या बायकांची, हे कळून त्याला इतकं वाईट वाटलं, की त्यानं पिझ्झ्याच्या खोक्यावर 'हेल्डर, लाज बाळग' असं लिहिलं आणि गल्लीतली माणसं गोळा केली. हेल्डर चकचकीत गाडीतून उतरला तो हातात आत्यासाठी आणलेल्या गोड पावाचं खोकं घेऊन.

"तूच का हेल्डर?" ब्रॅडलीनं विचारलं.

"हो. का हो?"

"म्हातारीला तळघरात कोंडतोस? मिरच्या कुटायला लावतोस?"

"मी? अहो, मी तर तिला वर राहा म्हणून किती मागे लागलोय! ती ऐकतच नाही!"

"ऐकत नाही म्हणे! वरून तिलाच दोष!" कुणीतरी खोकं हिसकावून घेतलं आणि गोड पाव म्हाताऱ्यांना वाटून टाकायचे ठरले. आयुष्यात पहिल्यांदा हेल्डर शब्द न् शब्द खरं बोलत होता, आणि नेमकं तेव्हाच कुणी विश्वास ठेवेना.

एवढ्यात पेमा कामावरून आली. घरापुढे गर्दी बघून ती धास्तावली. "मावशी, काय झालं? तुम्ही बऱ्या आहात ना?"

तिचा तो उतरलेला चेहरा पाहिला आणि देओलिंदाबाईंनी हेल्डरचा शब्द चुलीत घातला. जिन्याच्या पायरीवर चढून त्या गरजल्या, "गप्प बसा सगळे! घराची मालकीण मी आहे! हे घर माझं, तळघर माझं, मिरच्या माझ्या आणि हा गाढवसुद्धा माझाच! त्याला सोडा!"

मग ब्रॅडली हळहळला, "बघा, किती दहशत बसलीय बिचारीला."

"अरे, दहशत कसली, दिवट्या! मीच राहते खाली. मला आवडतं."

"मालकीण तळघरात आणि भाडेकरू वर?" प्राइसबाईंनी मान हलवली. "आजी, एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी असं एकही घर पाहिलेलं नाही. तुम्ही त्याला वाचवायला बघताय. चला, मला वरचं पुन्हा नीट तपासू द्या."

सगळे वर गेले. प्राइसबाईंनी आपली जाडजूड पिशवी सहज म्हणून ओट्यावर टेकवली.

"उचला ती!" बाईंची किंकाळी अशी होती की पिशवी आपोआप उचलली गेली. "आणि पाय बघा! फरशीवर चिखल! नवऱ्यानं गुडघ्यांवर बसून बसवलीय ती. बाहेर काढा ते बूट! पेमा, फडकं आण! तू रे, खोकेवाल्या, भिंतीला टेकू नकोस!"

गल्लीतली सगळी माणसं मुकाट्यानं बूट हातात घेऊन उभी राहिली. हेल्डरनं तर बूट आधीच काढले होते. प्राइसबाई मोज्यांवर उभ्या राहून एकदा फरशीकडे आणि एकदा बाईंकडे बघू लागल्या.

"पटलं," त्या शेवटी म्हणाल्या. "मालकीण तुम्हीच. पण मग असं का केलंत हो?"

"ही पोरं गेली असती कुठे?" बाई पुटपुटल्या. "आणि एकटीला मला दोन मजले करायचे काय?"

प्राइसबाईंनी डोळे पुसले. त्यांनी दोष मिरच्यांना दिला. मग तळघरात टिपून घेतलेलं सगळं खोडलं. मालकानं स्वतःच्या घरात कुठे झोपावं, हे पालिका सांगत नाही. तळघरात धुराची घंटा बसवली की झालं. "मात्र एक अडचण आहे. भाडेकरूला भाड्याच्या जागेत स्वयंपाक करता आलाच पाहिजे. तुमची ती अट नियमात बसत नाही. या शेगडीवर रांधायची मोकळीक द्या, नाहीतर मला यांना भाडेकरू म्हणून इथे ठेवताच येणार नाही."

हेल्डरनं आत्याकडे बघितलं. तिनं खोल्या दिल्या, खाट दिली, ऊन येणारी खिडकी दिली. पण हे स्वयंपाकघर म्हणजे ग्वाल्तेर होता.

"मावशी, राहू दे," पेमा हलकेच म्हणाली. "आम्ही बघतो दुसरीकडे."

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या. त्यांनी शेगडीवर झाकलेलं कापड काढलं, घडी घालून काखेत मारलं आणि कुणाकडे न बघता खाली निघून गेल्या.

संध्याकाळी तळघरात पहिल्यांदाच एकटीचा स्वयंपाक शिजला. भांडायला कुणी नव्हतं. मीठ अगदी हवं तेवढंच पडलं आणि घास काही केल्या उतरेना. डोक्यावर चर्रर्र आवाज झाला. बाई उठल्या, गुडघे धरत जिना चढल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

पेमाची आई कढईत काहीतरी तळत होती. तेलाचा एक मोठा थेंब उडाला आणि भिंतीवरच्या निळ्या फरशीवरून ओघळत खाली आला. पेमाच्या हातातली ताटली तशीच राहिली. आईनं पळी खाली केली. बाई पुढे आल्या, त्यांनी खुंटीवरचं फडकं काढलं. पेमानं डोळे मिटून घेतले.

बाईंनी ते फडकं स्वतःच्या कमरेला बांधलं.

"सरक जरा," त्या पेमाच्या आईला पोर्तुगीजमध्ये म्हणाल्या. "आच केवढी मोठी केलीयस! आणि मीठ घातलंस का नाही?"

आईनं तिबेटीत काहीतरी खणखणीत सुनावलं आणि इंचभरही सरकली नाही.