काकाजींचं फडकं

खानोरकर काकाजींकडे गेलं की चहा मागाहून, आधी हात दाखवावे लागत. तळवे बघून झाले की म्हणत, "आता उलटे कर." एकदा माझ्या नखाशी समोशाचं तेल सापडलं. तेव्हापासून माझी खुर्ची कॉम्प्युटरपासून चार हात लांब, दाराशी गेली.

सिंचाई खात्यात तीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढलेला माणूस. काकू गेल्यावर एकटेच राहत. बालाघाटच्या आमच्या गल्लीतला पहिला कॉम्प्युटर त्यांच्याकडे आला तो नंदामुळे. ही त्यांची एकुलती एक मुलगी, कॅनडात असते. दर रविवारी सकाळी ती स्क्रीनवर दिसायची आणि त्याआधी तासभर त्या स्क्रीनची पूजा चालायची.

"पह्यले बटन बंद. मंग प्लग बाहेर. मंग पंधरा मिनिटं चूप बसाचं, त्याले थंडा होऊ द्याचं." मग बिस्किटांच्या डब्यातून जुन्या धोतराचं मऊ फडकं निघे. पुसायचं वरून खाली, सरळ रेघेत. फारच चिकट डाग असला तर फडक्याच्या टोकाला पाण्याचा एक थेंब. भांडेवाल्या बाईंना त्या डब्याकडे बघायचीही परवानगी नव्हती. मी एकदा हौसेने काचा पुसायचा फवारा नेला, तर अंगावरच आले.

"काहून रे सुधीर, धानावर कीड पडली का? पानी आत गेलं म्हंजे मशीन गेली!"

मी मुकाट्याने बाटली घरी आणून आरसा पुसला.

त्या वर्षी दिवाळीनंतर मात्र पुसणं फार वाढलं. दिवसातून चार-चारदा. "डाग जाऊनच नाही राह्यला," काकाजी कुरकुरले, "नंदाचं तोंड धुंधला दिसते." मी खुर्ची सोडून जवळ गेलो. स्क्रीन लख्ख होती. मग काकाजींकडे पाहिलं. दोन्ही बाहुल्यांवर पांढुरकी साय धरली होती.

"काकाजी, हा मोतिबिंदू आहे."

"हौ. डाक्टरनं सांगतलं."

"मग स्क्रीन काहून पुसता?"

"म्हटलं, एखाद वेळी स्क्रीनच असन." ते फडक्याची घडी घालत राहिले. "आपरेशन केलं का पंधरा दिवस स्क्रीन पाहाची नाही म्हंते. दोन रविवार जाते ना रे."

एरवी मी थट्टा केली असती; आता खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. म्हणालो, "ते दोन रविवार मी पाहतो तुमच्यासाठी."

ऑपरेशन झालं. रविवारी काकाजी काळा चष्मा लावून स्क्रीनकडे पाठ करून बसले. बिस्किटांचा डबा त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला. मी वरून खाली पुसलं, प्लग लावला. नंदा दिसली.

"बाबा, इकडे तोंड करा ना!"

"मान लचकली," काकाजी मोठ्याने म्हणाले. पोरीला त्यांनी काहीच कळवलं नव्हतं. मग माझा हात धरून हळूच विचारलं, "वाळली का रे? सोताहून सांगत नाही थे."

मी पाहिलं. वाळली होती.

"नाही काकाजी. चांगली दिसते."

काकाजींनी माझ्या हातातलं फडकं चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "नीट पुसलं ना?"