गाळ्याची वकिली

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका कंपनीत कारभारी पॅकिंगला आहे. त्याने भरलेले बॉक्स क्वालिटीवाले आठवडाभर परत पाठवत असतात. (बॉक्स चांगलेच असतात. हे त्याचं मत, आणि ते त्याच्याखेरीज कुणाचंही नाही.) त्यामुळे पुतळाबाई जेव्हा म्हणाल्या, "गाळा घ्यायच्या आधी इंजिनीअरला दाखवू," तेव्हा त्यांच्या या नवऱ्याचं डोकंच फिरलं. गाळा त्याने स्वतः शोधला होता. तरी घरात कटकट नको म्हणून तो हो म्हणाला, आणि तिथेच फसला.

गाळ्याची घाई पुतळाबाईंना होती. खानदेशी मसाला त्या घरातच कांडत, आणि मिरचीचा खकाणा उडाला की सगळी चाळ शिंकत रस्त्यावर येई. घरमालकाने आता सक्त मनाई केली होती. मिरचीचा हंगाम तोंडावर आला होता. जागा आत्ता मिळाली नाही तर वर्ष फुकट जाणार होतं.

रविवारी इंजिनीअर रोहिणी मॅडम आल्या. हातात बॅटरी आणि छोटा हातोडा. गाळ्याचे मालक जयवंतभाई दारात खुर्ची टाकून बसले होते. चेहरा पडलेला, कारण गाळा बरेच दिवस कुणी घेत नव्हतं.

मॅडमनी मागची भिंत ठोकून बघितली. "प्लास्टर सुटलंय. ओल आहे."

"सिल्वासात पाऊस किती पडतो, माहितीये का?" कारभारी उखडला. "इथं कोरडी भिंत दाखवा मला कुणाची. उलट उन्हाळ्यात गारवा राहील."

"मसाल्याला गारवा?" पुतळाबाई म्हणाल्या. "जाळी धरेल ना त्याला."

मॅडम पुढे सरकल्या. तुळईला तडा होता. "केसाएवढा तर आहे," कारभारी म्हणाला. वायरिंग जुनं, कांडप मशीनचा लोड घेणार नाही. "जुनं म्हणजे अस्सल तांबं. आता बघायला मिळतं का?" शटर दोघांनी ओढल्याशिवाय हलत नाही. "मग चोरालाही जोडीदार आणावा लागेल."

त्याचा राग चढतच होता. सुट्टीच्या दिवशीही क्वालिटी पाठ सोडत नाही म्हणजे काय? तो गाळ्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने भाषणच ठोकलं. कोपऱ्याची जागा, समोर कामगारांची वस्ती, शिफ्ट सुटली की ही गर्दी. असा गाळा अख्ख्या सिल्वासात नाही, आणि ज्याला यात खोड दिसते त्याने आधी डोळे तपासून घ्यावेत.

मॅडम शांतपणे पुतळाबाईंना म्हणाल्या, "जागा घेण्यासारखी आहे. दोष दुरुस्त होणारे आहेत. मालकांनी करून द्यावेत, नाहीतर भाव उतरवावा."

जयवंतभाई खुर्चीतून उठले. ओलीची गोष्ट निघाली तेव्हाच ते भाव उतरवायच्या बेतात आले होते. आता मात्र चेहरा खुलला होता.

"कारभारीभाई, एकदम साचू, खरं बोललात. मला ही जागा म्हणजे डोक्याला ताप वाटायची. तुम्ही डोळे उघडले. हवे नथी वेचवी. नाही विकायची. मुलाला इथं मोबाईलचं दुकान टाकून देतो."

कारभारीला घाम फुटला. तो धावत भिंतीपाशी गेला. "अहो शेठ, ओल बघा ही. मोबाईल खराब होतील."

"उन्हाळ्यात गारवा राहील," जयवंतभाई म्हणाले.

"तुळई कधीही खाली येईल."

"केसाएवढा तडा आहे."

"वायरिंग जळेल हो."

"अस्सल तांबं आहे, भाई. चला, जरा हात लावा, शटर ओढायचंय."

आणि कारभारीने हात लावला. (एकट्याने ओढलं जात नाही ना.)

रस्त्यावर आल्यावर पुतळाबाईंचा राग उसळला. तोंडातून निघालं ते थेट माहेरच्या खानदेशी बोलीत. "तुमनं काय करू आते मी? सगळा हंगाम घालवला माझा."

"रांधा गावाच्या रस्त्याला एक गाळा आहे, आताच बघून येऊ," रोहिणी मॅडम त्यांना म्हणाल्या. "फक्त घेताना यांना आणू नका. कधी विकायची वेळ आली तर मात्र नक्की आणा."

कारभारीला ते कौतुकच वाटलं. तो खूश होऊन मान डोलावतोय तोवर पुतळाबाई मॅडमच्या स्कूटरवर मागे बसून निघूनही गेल्या होत्या.