राजे अजून रस्त्यात आहेत

पंचवीस डिसेंबरच्या सकाळी आमच्या चर्चमधून तीन राजे चोरीला गेले, आणि चोर पहिल्या बाकावर बसून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गात होता.

चोराचं नाव शामुवेल पगारे. वय बहात्तर, मुक्काम पडेगाव, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. सगळे त्यांना शामूमामा म्हणतात. मी त्या चर्चची सेक्रेटरी. आमच्याकडे सेक्रेटरी म्हणजे जिच्यावर कुणीही ओरडलं तरी चालतं अशी बाई, आणि ही सोय शामूमामांइतकी कुणीच वापरली नसेल.

राजे प्लास्टरचे, हातभर उंचीचे. येशूच्या जन्माचा तारा पाहून पूर्वेकडून निघालेले आणि सोनं, ऊद, गंधरस घेऊन बाळाला भेटायला आलेले ते तिघं. नाताळात आम्ही वेदीशेजारी गवताची गव्हाण मांडतो. त्यात बाळ, मरिया, योसेफ, मेंढरं आणि कडेला हे तिघं राजे, त्यांच्या उंटासह. चोवीस तारखेला सगळं मी माझ्या हातानं लावलं होतं. सकाळी येऊन बघते तर यंदाही उंट एकटाच उभा.

यंदाच बदलून आलेल्या पाळकसाहेबांनी उपासनेच्या सूचना वाचता वाचता विचारलं, "गव्हाणीतले राजे कुणी हलवले असतील तर..."

शामूमामा उभे राहिले. "हलवले नाय. मागं घेतले."

"का हो मामा?"

"का म्हंजे? जन्म आज झाला. तारा दिसला, मग हे लोक निघाले. पोचले सहा जानेवारीला. आज इथं कसे आले? विमानानं?"

मंडळी हसली. मामांना हसणं अजिबात खपत नाही. "हसताय काय? गाडी अजून रूटवर हाय!"

"आणि उंट का ठेवलात?" मी मागून विचारलं. मला राग आला होता.

"पिशवीत मावला नाय," मामा म्हणाले आणि खाली बसले.

मला हा माणूस आवडत नव्हता, हे सांगून टाकते. ज्या माणसाच्या आवाजाला घाटातल्या हॉर्नची सवय आहे, त्याच्याशी सात वर्षं चर्चचं काम करून बघा. नाताळाआधीच्या आगमनकाळात गायकवर्गानं नाताळचं गाणं सरावाला घेतलं की हे दारात हजर. "अजून महिना हाय! लेकरू जन्मायच्या आधी बारसं करता का?" एका वर्षी तरुण मंडळींनी गेटवर प्लास्टिकचा सांताक्लॉज लावला, तर मामा त्याच्यासमोर बायबल उघडून उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागले, "ह्याचं नाव कुठं हाय? मत्तयात का लूकात? दाखवा, मी आत्ता गप बसतो." दुपारी सांताक्लॉज उतरला. शेवटच्या आशीर्वादाआधी कुणी बाकावरून उठलं की मागून आवाज येतो, "गाडी थांबल्याबिगर उतरू नका!" पाहुणी आलेली एक म्हातारी तर त्या आवाजानं घाबरून पुन्हा बसली आणि उपासना संपली तरी उठेना.

पण मामांचं खरं भांडण सत्तावीस डिसेंबरशी होतं, म्हणजे माझ्याशी.

सात वर्षांपूर्वी मी सेक्रेटरी झाले आणि पहिला नियम केला, सत्तावीसला गव्हाण उचलायची. त्याआधी ती सहा जानेवारीपर्यंत असायची, आणि तोवर संध्याकाळी चर्चही उघडं असायचं. मी म्हटलं, कशाला? नाताळ झाला, फराळाचे डबे रिकामे झाले, रोज दार उघडायला माणूस कुठून आणायचा? कमिटीनं माना डोलावल्या. पहिल्या वर्षी गव्हाण सत्तावीसला उचलली, चर्चला कुलूप लागलं, कुणी ब्र काढला नाही. मामासुद्धा नुसतेच कुरकुरले.

दुसऱ्या वर्षापासून मात्र त्यांच्यात कसला संचार झाला कुणास ठाऊक. गव्हाण सहापर्यंत ठेवायचीच, चर्च रोज उघडायचंच. कुणी यायचं नसेल तर मी येतो, किल्ली द्या. किल्ली देईपर्यंत त्यांनी कमिटीच्या तीन बैठका उधळल्या. आणि मग ते राजांचं प्रकरण सुरू केलं. पंचवीसला तिघं राजे गेटपाशी वॉचमनच्या स्टुलावर. दुसऱ्या दिवशी बदामाच्या झाडाखाली. मग पाण्याची टाकी, मग चपलांचा कट्टा, मग दार, मग एकेक बाक. बारा दिवसांचे बारा थांबे. मामा रोज संध्याकाळी पडेगावहून यायचे, राजे एक थांबा पुढं सरकवायचे आणि दिवे लागेपर्यंत गव्हाणीपाशी बसून राहायचे. सहा तारखेला राजे बाळापुढं पोचले की कुणाशी न बोलता घरी जायचे. पाच वर्षं हे चाललं. मला वाटायचं, मुद्दाम माझा नियम मोडण्यासाठी चाललंय. जणू त्यांना दुसरा उद्योगच नव्हता.

यंदा मी हरायचं नाही असं ठरवलं होतं; मामांकडची किल्लीही परत घेतली होती. अठ्ठावीसला कमिटीच्या अध्यक्षांच्या पुतणीचं लग्न होतं, म्हणजे वेदीपाशी जागा लागणारच. सत्तावीसला सकाळी आम्ही गव्हाण उचलायला गेलो, तर मामा तिच्यापुढं खुर्ची टाकून बसलेले. हाताची घडी, डोक्याला मफलर.

अध्यक्ष म्हणाले, "मामा, उद्या लग्न आहे."

"असू द्या की. नवरदेवाला म्हणावं, शेजारी उभा राहा. गव्हाण चावती का त्याला?"

"फोटोत बरं दिसत नाही हो ते गवत."

"बरं दिसत नाय?" मामांचा आवाज छताला लागला. "देवाचा लेक गोठ्यात जन्मला, अन् तुमच्या जावयाला कार्पेट पायजे?"

अध्यक्ष लाल झाले. पाळकसाहेब छताकडं बघू लागले. लग्नाचे फुलवाले दारात खोळंबले होते. मग मीच म्हणाले, "खुर्चीसकट उचला."

चौघांनी उचलले. मामा ताठ बसूनच राहिले, मिरवणुकीतल्या नवरदेवासारखे, आणि तसेच बदामाच्या झाडाखाली ठेवले गेले. फुलवालेसुद्धा हसत होते. मी हसले नाही, पण मला बरं वाटलं, हे कबूल करते.

झाडाखालून ते एकदाच ओरडले. "सेक्रेटरीबाई! कुणी आलं तर काय दाखवणार त्याला? कुलूप?"

"कोण येतंय मामा?" मी तिथूनच ओरडले.

थोड्या वेळानं खुर्ची रिकामी दिसली.

सहा जानेवारीला मंगळवार होता. दुपारी मी चर्चमध्ये एकटीच बसून कमिटीचा वृत्तान्त लिहीत होते. दार ढकलून शामूमामा आत आले, हातात कापडी पिशवी. वेदीशेजारची मोकळी फरशी त्यांनी पाहिली. मी पेनाला टोपण लावलं आणि तयार झाले. म्हटलं, आता तासभर तरी ऐकावं लागणार.

ते ओरडलेच नाहीत. पहिल्या बाकावर बसले, पिशवीतून राजे काढले आणि शेजारी एका ओळीत ठेवले. गाडीच्या सीटवर पॅसेंजर बसवावेत तसे. मग समोर बघत राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्यांच्या ओरडण्याचा मला जितका राग येतो, त्याहून जास्त राग त्या गप्प बसण्याचा आला.

"मामा, काहीतरी बोला," मी म्हणाले.

"तुमच्या नियमाचं पयलं साल आठवतं का?" त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं.

"आठवतं."

"त्या साली तीन जानेवारीला माझी मार्था आली हुती."

मार्था म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिची आई लवकर गेली, मामांनीच तिला वाढवलं. तिनं आपल्या पसंतीनं समाजाबाहेरच्या मुलाशी लग्न केलं, एवढं मलाही ऐकून माहीत होतं. वैजापूरला दिली, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण मामांनी दिलीच नव्हती. त्यांनी तिला सांगितलं होतं, माझा उंबरा चढायचा नाय.

"वर्षाचं लेकरू घेऊन आली," मामा म्हणाले. "घरी यायची छाती झाली नसंल. तिला ठाव हुतं, बाप सहा तारखेपतुर रोज संध्याकाळी गव्हाणीपाशी असतो. ल्हानपणी तिला मांडीवर घेऊनच बसायचो की. म्हणली असंल, देवाच्या घरात तरी वरडायचा नाय. आली तर कुलूप. गव्हाण नाय, बाप नाय. अर्धा तास पायरीवर बसली अन् गेली. मला वॉचमननं रविवारी सांगितलं."

यंदापर्यंत नियम एकच वर्ष पाळला गेला होता. तेच वर्ष.

"मग तुम्ही गेला नाहीत वैजापूरला?" मी विचारलं.

मामा ताडकन उठले. "मी? मी कोणत्या तोंडानं जाणार? येऊ नको म्हणणारा मीच नव्हं! चौतीस वर्षं त्या रस्त्यानं गाडी नेली, बाई. डोळे मिटून सांगतो कुठं खड्डा हाय. तिच्या गल्लीच्या तोंडाशी स्टॉप हाय. तीनदा गेलो. तिन्ही डाव गाडीतच बसून ऱ्हायलो अन् पुढच्या स्टॉपला उतरून माघारी आलो."

आता मला सगळ्यांचाच राग आला. त्यांचा, माझा, कमिटीचा, त्या कुलपाचा. मी ओरडले. चर्चमध्ये, वेदीसमोर. "सहा वर्षं! सहा वर्षं तुम्ही हे तीन पुतळे गेटपासून इथवर सरकवत बसलात, आणि एक फोन करवला नाही तुम्हाला?"

"नाय करवला," शामूमामा म्हणाले.

"नंबर आहे?"

"हाय."

"मग लावा."

"तुम्ही लावा. माझा नंबर बघून तिनं उचललाच नाय तर?" ते बाकावर बसले. "मग काय करायचं मी?"

मी माझ्या फोनवरून लावला. चार रिंग गेल्या. "कोण?" असा एक दमलेला आवाज आला. मी म्हणाले, "मी चर्चची सेक्रेटरी बोलतेय, मार्था. तुझे वडील..."

"काय झालं अण्णांना?" तिनं मला वाक्यही पुरं करू दिलं नाही.

"काही नाही गं. बरे आहेत. ओरडतायत."

मग ती म्हणाली, "ओरडतायत ना? मग बरे असतील."

मी फोन मामांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडापुढं धरला, घसा साफ केला, आणि मला वाटलं आता मन मोकळं करतील. कसलं काय!

"हॅलो! ऐकू येतंय का? किती वर्साची झाली पोरगी?... सात? शाळंत जाती का?... मग आजवर फोटो का नाय धाडला?... बरं. बरं, चुकलं माझं. चुकलं म्हणतो ना! ऐक, रविवारी या. साडेसातची गाडी धर. ड्रायव्हरच्या बाजूला बस, तिकडं ऊन येतं, गारठा लई हाय. पोरीला खिडकी दे, पण हात भाईर काढू देऊ नको. अन् त्याला..." इथं त्यांची गाडी अडली. "जावयालाबी आण. पुढं बसव त्याला. मागं हादरे लई बसत्यात."

रविवारी सकाळी मी त्यांच्यासोबत बसस्थानकावर गेले, कारण एकटं जायला ते तयार नव्हते. नवा सदरा, दाढी गुळगुळीत. सहा वाजल्यापासून ते तिथं उभे होते, असं चहावाल्यानं मला सांगितलं. गाडी वेळेवर आली. पण गाडी यायची त्या जागी दोन रिक्षावाले आडवे घुसले होते, आणि मामांचा तोल गेला. "हटाव वो रिक्षा! लेकरं उतरायची हायेत इथं, दिसत नाय का? रस्ता तुमच्या बापाचा हाय का?" सगळं स्थानक वळून बघू लागलं.

ते ओरडतच होते, तेवढ्यात मार्था उतरली. तिच्या मागं पिशव्या सांभाळत एक सडपातळ माणूस, आणि दोघांच्या मधे लाल स्वेटर घातलेली मुलगी. मुलीनं मामांकडं पाहिलं आणि आईचा पदर ओढला.

"मम्मी, हे आजोबा कुणावर ओरडतायत?"

शामूमामांचं वाक्य तिथंच थांबलं. रिक्षावाले कधी गेले ते त्यांना कळलं नाही. ते गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली वाकले, मुलीच्या तोंडासमोर आले.

"कुणावर नाय, माय," ते म्हणाले, इतक्या हळू की मार्थाला विचारावं लागलं, "काय म्हणालात, अण्णा?"

अण्णा उठले आणि जावयाच्या हातातली एक पिशवी त्यांनी स्वतःकडं घेतली.