बिनआवाजाचा एसी

“एसी मी निवडतो.”

हे तीन शब्द मी चहाच्या दुसऱ्या घोटाला बोलून गेलो. बायकोने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. एकोणीस वर्षांच्या संसारात मी एकट्याने निवडलेली शेवटची वस्तू म्हणजे दाराशी टाकायचं पायपुसणं. (त्यावर आजवर तिघंजण घसरलेत. दोनदा मीच.)

पण गरज खरी होती. माझी बायको अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. आमची आतली खोली हाच तिचा स्टुडिओ. खिडकी उघडली की अख्खा रस्ता आत येतो, पंखा लावला की घरघर मुद्रित होते. म्हणून ती सगळं बंद करून दहा-दहा मिनिटं वाचायची आणि घामाने निथळत बाहेर यायची. या खेपेला तिला पाचशे पानांची कादंबरी मिळाली होती. एवढं मोठं काम पहिल्यांदाच, आणि तारीख महिनाअखेरची. एका दुपारी वाचता वाचता तिला चक्कर आली. मी धावत आत गेलो, तर टेबलावर डोकं टेकूनच ती म्हणाली, “अहो, आधी माइक बंद करा.”

तेव्हा मी कामाला लागलो. विमा कंपनीत मी दावे तपासणारा कारकून; लोकांवर शंका घेण्याचाच मला पगार मिळतो. चार दिवस मी माहितीपत्रकं वाचली. तारे किती, वीज किती, आवाज किती, सगळ्याचा तक्ता केला.

“दीड टनाचा घ्यायचा,” मी जेवताना जाहीर केलं.

“दीड टन?” आई दचकली. “अरे, त्या भिंतीवर माझी साधी फळी टिकली नाही!”

“आई, टन म्हणजे वजन नव्हे. गारवा.”

“गारवा टनात मोजतोस? उद्या तांदूळ अंशांत आणशील.”

दुकानात मी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेऊन गेलो. विक्रेत्याला गप्प केलं. शेजारी मिक्सर बघणाऱ्या बाईंना हात जोडून गप्प केलं. मग खुर्चीवर चढून, माझ्या तक्त्यात पहिल्या आलेल्या एसीच्या तोंडाशी फोन धरला. आकडा बघून मी हरखलो.

“वा! एवढा कमी? हा चालतोय असं वाटतच नाही!”

“चालत नाहीये, सर,” विक्रेता म्हणाला. “प्लग काढलेला आहे.”

(मिक्सरवाल्या बाई एवढ्या हसल्या की अ‍ॅपचा आकडा लाल झाला.)

प्लग लावल्यावरही आकडा जेमतेम हलला, हे मात्र त्या यंत्राच्या बाजूने सांगायलाच हवं. पाच तारे, वीज कमी, आवाज नावापुरता. घेऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. नळीसाठी भोक कुठे पाडायचं याची खूण मी आदल्याच दिवशी पेन्सिलने करून ठेवली होती. “नक्की इथेच?” त्याने दोनदा विचारलं. “मोजलंय मी,” मी म्हणालो. त्याने ड्रिल चालवलं. धूळ खाली बसली आणि भोकातून आईचा आवाज आला, “कोण आहे रे?”

मी भिंत चुकलो होतो. पलीकडे रस्ता नव्हता, हॉल होता. मेकॅनिकने बाहेरच्या भिंतीला दुसरं भोक पाडलं. पहिल्यावर मी हॉलच्या बाजूने कॅलेंडर लटकावलं आणि विषय मिटवला.

एसी मात्र झकास निघाला. पाकळी उघडलेली दिसायची म्हणून चालू आहे हे कळायचं. बायको तासन्‌तास कानांवर हेडफोन चढवून, स्वतःच्याच आवाजात बुडून वाचू लागली. तारीख डोक्यावर होती, पुन्हा ऐकून तपासायला सवड नव्हती. प्रकरण झालं की ती लगेच पाठवून द्यायची. शनिवारी-रविवारी मी घरीच होतो. तिला अडथळा नको म्हणून दोन्ही दिवस, एसीची चौकशी करायला आलेल्या पाहुण्यांना बाहेरच थोपवत, हॉलमध्ये कॅलेंडरखालच्या खुर्चीत बसून होतो. एवढा शहाणपणा मी क्वचितच दाखवला असेल.

सोमवारी संध्याकाळी ध्वनिमुद्रण तपासणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला.

“बाई, वाचन उत्तम. पण बाराव्या प्रकरणात, म्हातारा शेवटचे श्वास घेतोय आणि मुलगा त्याचा हात धरून बसलाय ना…”

“हो?”

“तिथे मागून एक माणूस ओरडतो, ‘आवाज? अजिबात नाही! शून्य!’”

घरात शांतता पसरली. एसी चालू होता, तरीही.

“तेराव्यातही आहे,” ते गृहस्थ मनापासून अवघडले होते. “नायिका पत्र फाडते तिथे. ‘पाच तारे, भावजी, पाच!’ चौदाव्यात ते कोणत्या तरी काकूंना टन समजावतायत. तो भाग, खरं सांगू, मला फार उपयोगी पडला. पण कादंबरीत बसत नाही हो.”

बायकोने फोन ठेवला, उठली, कॅलेंडर उचललं, भोकातून आत पाहिलं आणि कॅलेंडर हळूच परत सोडलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

“तीन प्रकरणं,” ती एवढंच म्हणाली.

मी भोक स्वतः बुजवलं. रजा काढली नाही. उलट रोज कचेरीत उशिरापर्यंत थांबलो. (साहेबांनी बढती हवी आहे का, असं विचारलं.) घरी आल्यावर तिचं वाचन संपेपर्यंत जिन्यात बसायचो. उकाडा भयंकर. बाराव्या प्रकरणातला म्हातारा दाराबाहेर मला पुसटसा ऐकू यायचा. तो दुसऱ्यांदा गेला तेव्हा माझे डोळे भरून आले. कादंबरी तारखेच्या एक दिवस आधी पूर्ण झाली.

महिन्याने मेकॅनिक मोफत तपासणीला आला. जाळी धुतली, गारवा पाहिला आणि फॉर्म भरायला बसला.

“थंडावा?”

“छान,” बायको म्हणाली.

“वीज?”

“कमी.”

“आवाजाबद्दल काही तक्रार?”

मी मोठ्या अभिमानाने तोंड उघडलं, तेवढ्यात बायको म्हणाली, “एसीच्या नाही.”